अशांत भागातून आलेल्या मिशनरी कुटुंबाला सांभाळताना मंडळी करते त्या चुका

दिल्ली–चेन्नई आणि मुंबई–हावडा हे दोन्ही रेल्वेमार्ग नागपुरात येऊन मिळतात. त्यामुळे कुठं दंगल उसळली, गाव सोडावं लागलं, की तिथल्या मिशनरी सेवकाच्या कुटुंबाला नागपूर गाठणं सोपं पडतं. शहरातल्या सदर, मोहन नगर भागातल्या मंडळ्यांचं (चर्चच्या समुदायांचं) मन मोठं आहे. घर उघडतात, डबे येतात, प्रार्थना होते. नुकसान होतं ते प्रेमाच्या घाईत.

पहिल्याच रविवारी साक्ष द्यायला उभं करणं

सगळ्यांत जास्त होणारी चूक ही. कुटुंब शुक्रवारी उतरतं आणि रविवारी उपासनेत त्यांच्या हातात माइक येतो. घडलेलं अजून त्यांच्याच अंगात थरथरत असतं, आणि ते दोनशे माणसांपुढं सांगायचं. बायको खाली मान घालून बसलेली असते, मुलं पुन्हा सगळं ऐकतात. नको म्हणायची सोय नसते, कारण पाळकसाहेबांनीच नाव पुकारलेलं असतं.

झालेला प्रसंग एका बैठकीत सविस्तर वदवून घेतला की मन मोकळं होतं, हा समज चुकीचा आहे. अशा सक्तीच्या बैठकीनं पुढचा त्रास टळत नाही, म्हणून जागतिक आरोग्य संघटना तसं करू नका असंच सांगते. माणूस आपणहून बोलला तर ऐका. मध्ये “मग काय झालं?” विचारू नका, “देवाची इच्छा” म्हणून विषय बंदही करू नका. १ राजे १९ मध्ये एलीया मरण मागतो तेव्हा देवदूत त्याला भाकर आणि पाणी देतो, झोपू देतो, पुन्हा उठवून खायला देतो. प्रश्न त्यानंतर येतो. क्रम तोच ठेवा.

परदेशी पाहुणा असेल तर आणखी एक गोष्ट. पर्यटक व्हिसावर आलेल्याला उपासनेला बसता येतं, उपदेश करता येत नाही. प्रेमानं दिलेला माइक त्याचा व्हिसा घालवू शकतो. परदेशी नागरिक घरी उतरला की २४ तासांत ऑनलाइन कळवावं लागतं, ज्याला सगळे सी फॉर्म म्हणतात. ही जबाबदारी ठेवून घेणाऱ्याची असते, पाहुण्याची नव्हे.

“सुखरूप पोहोचले” असा फोटो टाकणं

स्टेशनवर हार घातलेला फोटो दहा मिनिटांत चार ग्रुपवर फिरतो. त्यात चेहरे, गाडीचं नाव, मागं फलाटाची पाटी. इथं कुणाला धोका नसेलही, पण त्यांनी मागं ठेवलेला सुवार्तिक, घराची किल्ली सांभाळणारे शेजारी अजून तिथंच असतात. प्रार्थना-विनंतीत “एक कुटुंब, चार जण, प्रवासातून आलेले” एवढं पुरतं. गावाचं नाव, मुलांची नावं, उतरल्याचा पत्ता लिहू नका. फोटो त्यांना विचारल्याशिवाय नको, आणि विचारायचं तेही नवरा-बायको दोघांना वेगवेगळं.

खोली आणि ताट

पाहुणचार म्हणून झणझणीत सावजी रस्सा वाढला जातो. चार दिवस धड न जेवलेल्या पोटाला तो सोसत नाही. पहिले दोन-तीन दिवस मऊ खिचडी, वरण-भात, ताक. जुलाब असतील तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मीठ जास्त पडलं तर लहान मुलाला अपाय होतो, म्हणून चमचा बोटानं सपाट करूनच मोजा.

खोलीला आतून कडी हवी. उन्हाळ्यात कूलरच्या आवाजात दार वाजलेलं ऐकू येत नाही, आणि अचानक आत शिरलेल्या माणसानं ही मुलं किंचाळून उठतात. आधी फोन करा, मग दार वाजवा. बाहेर वरातीचे फटाके वाजणार असतील तर संध्याकाळीच सांगून ठेवा.

औषधं विसरणं

घाईत निघताना गोळ्यांची पिशवी घरीच राहते. रक्तदाबाच्या, मिरगीच्या, थायरॉइडच्या गोळ्यांचं पहिल्याच दिवशी विचारा. यातल्या काही गोळ्या एकदम थांबणं जिवावर बेतू शकतं. चिठ्ठी नसेल तर रिकामं पाकीट किंवा मोबाइलमधला जुना फोटो शोधून ‘मेडिकल’च्या, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाच्या, ओपीडीत न्या. घरातली दुसऱ्याची झोपेची गोळी देऊ नका.

इन्सुलिनची चूक आमच्या उन्हाळ्यात हमखास होते. न उघडलेली कुपी २ ते ८ अंशांत, म्हणजे फ्रिजच्या मधल्या फळीवर ठेवायची. फ्रीझरमध्ये किंवा बर्फाला टेकवून नाही, कारण एकदा गोठलेलं इन्सुलिन टाकूनच द्यावं लागतं. फ्रिज नसेल तर मोठ्या मडक्यात ओली वाळू घाला, त्यात लहान मडकं बसवा आणि पिशवीत बांधलेली कुपी आत ठेवून वर ओलं फडकं टाका. विदर्भाच्या कोरड्या मे महिन्यात हे चांगलं गार राहतं, पावसाळ्यात दमट हवेत तितकं नाही. वापरात असलेली कुपी साधारण २८ दिवसच वापरायची, म्हणून उघडल्याची तारीख तिच्यावर लिहा.

पैसा आणि कागद

परदेशातल्या मित्रांनी पाळकांच्या खात्यात मदत पाठवायची आणि ती कुटुंबाला वाटायची, हे करू नका. परकीय निधीची नोंदणी असलेल्या संस्थेलाही तो आधी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या ठरलेल्या शाखेतच घ्यावा लागतो, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही. मंडळीतच वर्गणी काढा, पावती फाडा आणि रोख रक्कम कुटुंबाच्याच हातात द्या. भाजी कुठली आणायची हे त्यांना ठरवू द्या. सगळं गमावलेल्या माणसाला हा लहानसा अधिकार फार मोलाचा वाटतो.

मुलांची शाळा टीसीसाठी अडू देऊ नका. शिक्षणहक्क कायद्यात ६ ते १४ वयाच्या मुलाला टीसी उशिरा आली म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, हे महापालिकेच्या शाळेत नम्रपणे दाखवा. मिशनच्या शाळेत मात्र आधी मुख्याध्यापकांना भेटा.

तिसऱ्या आठवड्यात सगळे गायब

पहिले पंधरा दिवस घरात गर्दी असते, मग कुणीच नसतं. त्रास मात्र तेव्हाच वर येतो: झोप उडणं, मुलाचं अंथरूण ओलं होणं, चिडचिड, देवाचाच राग. बहुतेकांचं महिन्याभरात हळूहळू निवळतं. चार आठवड्यांनंतरही रात्री तेच दिसत असेल, कामच होत नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. मरणाची भाषा निघाली तर त्याच दिवशी. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनवर, १४४१६ ला, मोफत बोलता येतं. विश्वास कमी पडला, असं कुणी म्हणत असेल तर त्याला दारातूनच परत पाठवा.

म्हणून सुरुवातीलाच सहा महिन्यांसाठी एक जोडपं नेमा. आठवड्यातून एक ठरलेला वार, एक तास. बाकी सगळ्यांनी त्यांच्यामार्फतच विचारपूस करायची.

नागपूर सुरक्षितच आहे, हे गृहीत धरणं

मार्च २०२५ मध्ये आपल्याच शहरात काही ठाण्यांच्या हद्दीत संचारबंदी लागली होती. घरात आठवड्याचा शिधा, गोळ्या, थोडी रोकड आणि ११२ सकट सगळे नंबर कागदावर असू द्या. मणिपूरमध्ये २०२३ मध्ये इंटरनेट कित्येक आठवडे बंद होतं, तेव्हा साधा फोन आणि एसएमएसच उरले. मागं राहिलेल्या सहकाऱ्यांशी बोलायची वेळही तशीच ठरवा: रोज संध्याकाळी ७, लागला नाही तर सकाळी ७. त्यांचा पगार थांबू देऊ नका, तिथून निघता न आलेली माणसं तीच असतात.

“परत कधी जाणार?” हा प्रश्न पहिला महिनाभर कुणीच विचारू नये. नंतर विचारायचा तर नवऱ्याला वेगळा, बायकोला वेगळा, आणि मुलं दहा-बारा वर्षांची असतील तर त्यांनाही.