बर्डी ते सिल्लारी: माणूस आणि निसर्गाचा अभ्यास आपला आपण कसा करायचा

नागपुरात निसर्ग बघायचा म्हटलं की गाडी थेट पेंच व्याघ्र प्रकल्पाकडे पळते, पण माणसाचं आणि निसर्गाचं आपसात काय चाललंय हे समजून घ्यायचं असेल तर सुरुवात बर्डीच्या, म्हणजे शहराच्या मधल्या सीताबर्डी बाजाराच्या गर्दीतून करा भाऊ. पद्धत जुनीच आहे, मॅकडोनेल आणि पिकेट या पर्यावरण अभ्यासकांनी १९९० मध्ये मांडलेली, भर शहरातून जंगलाकडे एक रेघ धरायची आणि तिच्यावर ठिकठिकाणी थांबून तेच तेच मोजायचं.

आपली रेघ बर्डी, झाडांची सिव्हिल लाइन्स, गोरेवाड्याचं जंगल आणि शेवटी पेंचच्या सिल्लारी गेटबाहेरचं गाव. उजाडल्या उजाडल्या १० मिनिटं एका जागी उभं राहायचं, दिसले-ऐकू आले ते पक्षी आकड्यासकट लिहायचे, नाव नाही आलं तर पक्षी ओळखणाऱ्या मर्लिन अ‍ॅपला आवाज ऐकवा पण ते सांगेल ते डोळे झाकून मानू नका. सगळी ठिकाणं एकाच पंधरवड्यात उरका, जानेवारीत पाहुणे पक्षी असतात, मे मध्ये नसतात, मग तुलनेला काही अर्थच राहत नाही.

आता खरं काम, ते म्हणजे वहीतला दुसरा कॉलम, माणसांचा. बर्डीत पारव्यांना दाणे कोण टाकतं, कचरा कुठं पडतो, घारी नेमक्या कुठं घिरट्या घालतात. बरेच जण हा कॉलम सोडतात आणि हाती नुसती पक्ष्यांची यादी उरते.

सिल्लारीकडे मार्च-एप्रिलमध्ये गेलात तर मोहाच्या झाडाखाली बघा. पहाटे गळलेली फुलं पाचोळ्यात दिसत नाहीत म्हणून खालचा पाला जाळतात, आणि तोच जाळ कधीकधी जंगलात शिरतो. लगेच गाववाल्यांच्या नावानं बोटं मोडू नका, आधी फुलं वेचणाऱ्या मावशींना विचारा, सुकवलेला मोह कुठं विकता, घरात पैसा किती येतो, अस्वलही त्याच फुलांसाठी येतं मग कोणत्या वेळी निघता. विचारल्याशिवाय फोटो नको, वहीत नाव नको, आणि जंगलात पायी शिरायचं नाही म्हणजे नाही.

तिसरा कॉलम देवाणघेवाणीचा, तो मला सगळ्यात आवडतो. नागपूरच्या नळाला पेंचचं पाणी येतं, मोह आणि तेंदूपत्ता बाजारात येतो, इकडून तिकडे पर्यटक, प्लास्टिक आणि हायवेवरचे ट्रक जातात. पेंचमधून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ४४ खाली प्राण्यांसाठी अंडरपास केलेत, ते पण याच कॉलममध्ये लिहा.

आणि एकाच सकाळीवरून निष्कर्ष काढायचा नाही, प्रत्येक ठिकाणी निदान तीनदा, त्याच वेळेला, त्याच जागी.