संधीची सूचना वेळेत कशी पोचवावी: तालुक्याच्या महाविद्यालयासाठी पाक्षिक पत्रक

उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ १९९० साली स्थापन झाले आणि आजच्या जळगाव, धुळे व नंदुरबार या तीन जिल्ह्यांतील महाविद्यालये त्याच्या कक्षेत आली. पुढे २०१८ मध्ये विद्यापीठाला कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव देण्यात आले. बांभोरीजवळ गिरणेच्या काठी असलेल्या विद्यापीठ परिसरात शिकणाऱ्याला शिष्यवृत्तीची, स्पर्धेची किंवा शिबिराची बातमी विभागाच्या दारातच मिळते. धडगाव, अक्कलकुवा, शिरपूर किंवा रावेरकडच्या विद्यार्थ्याचे तसे नाही. परिपत्रक प्राचार्यांच्या कार्यालयात येते, आवक नोंदवहीत चढते, सहीसाठी फिरते आणि फलकावर लागते तेव्हा अंतिम तारखेला चार-पाच दिवस उरलेले असतात.

मी पूर्वी ज्या महाविद्यालयात शिकवीत होतो, तेथे सातपुड्याच्या पायथ्याच्या गावातून येणाऱ्या एका विद्यार्थिनीने निर्वाह भत्त्याची सूचना गुरुवारी वाचली. ती पात्र होती. तिच्याजवळचा उत्पन्नाचा दाखला मात्र ३१ मार्चला मुदत संपलेला होता, नवा दाखला मिळेपर्यंत अर्जाची तारीख उलटली आणि ते वर्ष तिने नातेवाइकांकडे राहून कसेबसे काढले. सूचना दिलेली होती, असे कार्यालय म्हणू शकत होते, आणि ते खरेही होते. त्या वर्षापासून मी दर पंधरा दिवसांनी दोन पानांचे पत्रक काढत आलो आहे. ज्या प्राध्यापकांना, ग्रंथपालांना किंवा विद्यार्थी प्रतिनिधींना असे पत्रक सुरू करायचे असेल, त्यांच्यासाठी ही पद्धत लिहून ठेवतो.

पहिले काम माहिती गोळा करण्याचे आहे आणि ते वाटते तितके अवघड नाही. पंधरवड्यातून एक सकाळ त्यासाठी राखून ठेवावी. विद्यापीठाची परिपत्रके, विद्यार्थी विकास विभागाच्या सूचना आणि महाडीबीटी या राज्य शासनाच्या शिष्यवृत्ती-अर्जांच्या संकेतस्थळावरील योजनांची यादी ही नेहमीची ठिकाणे झाली. पीएच.डी. करणाऱ्यांसाठी पुण्याची बार्टी, सारथी व आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था आणि नागपूरची महाज्योती या अधिछात्रवृत्ती देणाऱ्या राज्य शासनाच्या संस्थांच्या जाहिराती पाहाव्यात. शिक्षकांसाठी विद्यापीठ अनुदान आयोग, भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद आणि २०२३ च्या कायद्याने स्थापन झालेले अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान यांच्याकडे लक्ष ठेवावे. खानदेशात आणखी एक दार विसरता कामा नये: यावल, धुळे, नंदुरबार आणि तळोदा येथील एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालये. शासकीय वसतिगृहातील प्रवेश आणि ज्यांना वसतिगृह मिळाले नाही त्यांच्यासाठी असलेली पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम योजना यांची माहिती तेथे मिळते. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी तशीच डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना समाजकल्याण विभागाकडे आहे.

मोबाइलवर फिरत आलेला मजकूर पत्रकात कधीही उतरवून घेऊ नये. मूळ जाहिरात किंवा मूळ शासन निर्णय उघडून, तो पूर्ण वाचून मगच नोंद लिहावी. ‘मुलींचे शिक्षण मोफत झाले’ हे वाक्य २०२४ च्या पावसाळ्यात गावोगाव फिरले, आणि कला शाखेच्या मुलीही त्याच्या आधाराने चौकशी करू लागल्या. प्रत्यक्षात ८ जुलै २०२४ चा शासन निर्णय व्यावसायिक अभ्यासक्रमांना केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून प्रवेश घेणाऱ्या आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग आणि इतर मागास वर्गातील मुलींच्या शिक्षण शुल्काविषयी व परीक्षा शुल्काविषयी आहे. एवढे लांब वाक्य पत्रकात छापणे जड जाते हे मला मान्य आहे, तरी ते छापावेच, कारण अर्धे वाक्य वाचून एखादे घर मुलीच्या प्रवेशाचा निर्णय घेत असते. अधिकृत संकेतस्थळाच्या नसलेल्या ज्या दुव्यावर अर्जासाठी पैसे मागितले आहेत किंवा ओटीपी विचारला आहे, तो आपल्या पत्रकात तर येऊच देऊ नये, उलट त्याबद्दल सावध करणारी दोन ओळींची सूचना द्यावी.

आता नोंद कशी लिहावी. सगळे यश येथे ठरते, म्हणून यावर सर्वांत जास्त वेळ द्यावा. परिपत्रकाची नक्कल म्हणजे नोंद नव्हे. परिपत्रक योजनेच्या नावापासून सुरू होते आणि संदर्भ क्रमांक सांगून विद्यार्थ्यापर्यंत येते. आपली नोंद विद्यार्थ्यापासून सुरू झाली पाहिजे. ‘राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेअंतर्गत अर्ज मागविण्यात येत आहेत’ असे लिहिण्याऐवजी ‘तुम्ही खुल्या प्रवर्गातील आहात, घरचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत आहे आणि तुमचा अभ्यासक्रम योजनेच्या यादीत आहे, तर शुल्काचा काही भाग शासनाकडून मिळू शकतो’ असे पहिले वाक्य असावे. योजनेचे नाव त्याच्या पाठोपाठ यावे, कारण संकेतस्थळावर शोधताना ते अचूक लागते. अनुसूचित जाती व जमातीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी उत्पन्नाची मर्यादा अडीच लाखांची आहे. या दोन मर्यादांची गल्लत फार होते, म्हणून प्रत्येक नोंदीत त्या त्या योजनेची मर्यादा आकड्यात द्यावी.

यानंतर कागदपत्रे, आणि कागदपत्रांबरोबर तारखा. शेवटची तारीख एकच छापू नये, मागे मोजत आलेल्या तारखा छापाव्यात. समजा, अर्जाची मुदत महिन्याच्या ३० तारखेला संपते. महाविद्यालयातील लिपिकाला छाननीला वेळ हवा, म्हणून अर्ज २३ पर्यंत भरलेला असावा. दाखला मिळायला दोन आठवडे लागू शकतात, म्हणून आपले सरकार सेवा केंद्रात त्याचा अर्ज ५ तारखेच्या आसपास जायला हवा. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ प्रमाणे अशा दाखल्यांना मुदत ठरवून दिलेली असते, म्हणून पावती जपून ठेवावी, हेही सांगावे. नोंदीत ठळक अक्षरांत छापायची तारीख ५ आहे, ३० नव्हे. एवढा एक बदल केल्यावर आमच्याकडे शेवटच्या दिवशी रडवेल्या चेहऱ्याने येणारी मुले कमी झाली.

ज्या कागदांना सर्वांत जास्त वेळ लागतो, त्यांची आठवण योजनेची वाट न पाहता जूनच्या पहिल्या अंकापासूनच द्यावी. उत्पन्नाचा दाखला साधारणपणे ३१ मार्चपर्यंतच चालतो. नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्राचीही मुदत तपासावी. जात किंवा जमात वैधता प्रमाणपत्राचा प्रश्न आपल्याकडे विशेष नाजूक आहे, कारण आजोबांच्या शाळेतील नोंद, जुना सातबारा, काकांचे वैधता प्रमाणपत्र असे कागद गोळा करण्यात महिने जातात. ज्याला पुढे व्यावसायिक अभ्यासक्रमाला जायचे आहे, त्याने ते काम बारावीतच सुरू करावे असे पत्रकात वारंवार लिहावे. आणखी दोन बारीक गोष्टींवर पैसे अडतात. आधार कार्डावरील नाव व गुणपत्रकावरील नाव यांत वडिलांच्या नावाचा किंवा एखाद्या अक्षराचा फरक असतो, आणि खाते बँकेत असले तरी थेट लाभासाठी ते आधारशी जोडलेले नसते. बँकेत जाऊन ‘माझे खाते आधारशी संलग्न आहे का’ एवढेच विचारून चालत नाही, ‘शासनाची रक्कम याच खात्यात येईल का’ असे विचारावे, कारण घरात दोन खाती असली की रक्कम शेवटी जोडलेल्या खात्यात जाते आणि मुलगा मात्र दुसऱ्या खात्याचे पासबुक भरून घेत राहतो.

संशोधक विद्यार्थ्यांसाठीच्या नोंदीत रक्कम जरूर द्यावी. कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती १ जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आहे आणि वरिष्ठ टप्प्यात ४२,००० रुपये, हे वाचल्यावर कापूस वेचून शिकणाऱ्या घराला पदव्युत्तर शिक्षणानंतरची वाट दिसते. तिच्यासाठीची नेट परीक्षा जून व डिसेंबर अशी वर्षातून दोनदा होते, तेव्हा तयारीची आठवण चार महिने आधी द्यावी. शिक्षकांच्या प्रकल्पांसाठी आपली आतली मुदत मूळ मुदतीच्या दहा दिवस आधीची ठेवावी, कारण प्राचार्यांचे संमतिपत्र, उपकरणांची अंदाजपत्रके आणि खर्चाच्या शीर्षांची मांडणी शेवटच्या दोन दिवसांत नीट होत नाही. मंजूर अनुदानाचे उपयोगिता प्रमाणपत्र आणि सनदी लेखापालाने तपासलेला हिशेब वेळेवर गेला नाही तर पुढचा हप्ता अडतो, ही सूचना फेब्रुवारीच्या अंकात न चुकता असावी.

कार्यक्रमांची नोंद तुलनेने छोटी चालते. त्यात प्रवासखर्च कोण देणार आणि मुलींना परतीची एसटी मिळेल का, हे मात्र लिहिलेच पाहिजे. या दोन ओळी नसल्यामुळे किती मुली ‘युवारंग’ या विद्यापीठाच्या युवक महोत्सवाच्या निवडीपर्यंतही येत नाहीत, हे मी पाहिले आहे. ‘आविष्कार’ संशोधन स्पर्धेची सूचना परिपत्रक येईपर्यंत थांबवू नये. तिच्यात मानव्यविद्या, वाणिज्य, विज्ञान, शेती, अभियांत्रिकी आणि वैद्यक अशा सहा विद्याशाखा असतात, आणि भित्तिपत्रक महिन्याभरात रंगवता आले तरी काम महिन्याभरात होत नाही. जुलैच्या अंकात विषय सुचवावेत. केळीच्या खोडाचा धागा, नंदुरबारच्या मिरचीची साठवण, पावरी व अहिराणीतील शेतीचे शब्द, पाड्यांवरील सिकलसेलची तपासणी, असे विषय आपल्या मुलांच्या अंगणात आहेत आणि मुंबई-पुण्याच्या स्पर्धकाला ते मिळणे कठीण आहे.

परिसरवार्ता शेवटच्या पाव पानात बसवावी. कोणाला शिष्यवृत्ती मिळाली हे त्याच्या संमतीनेच छापावे आणि नावापुढे प्रवर्ग किंवा उत्पन्न कधीही छापू नये. लाभार्थ्यांच्या याद्या आधार क्रमांकासह फलकावर लावण्याची जी सवय काही ठिकाणी आहे, ती ताबडतोब थांबली पाहिजे.

वाटपाचा दिवस ठरवताना गावाचा बाजारवार टाळावा, कारण त्या दिवशी वर्ग निम्मे रिकामे असतात. कापूस वेचणीच्या दिवसांत, ऑक्टोबर ते डिसेंबर, हजेरी कमी असते, तेव्हा छापील प्रत गावातल्या एखाद्या सहाध्यायाच्या हाती द्यावी. होळीच्या सुमारास सातपुड्यातील मुले भोंगऱ्या बाजारासाठी, म्हणजे होळीआधीच्या आदिवासी बाजारासाठी, आणि होळीसाठी घरी जातात, आणि नेमकी तेव्हाच आर्थिक वर्षाच्या अखेरीची धावपळ असते. म्हणून मार्चचा अंक त्यांच्या जाण्याआधी निघालाच पाहिजे. एक प्रत एसटी थांब्याजवळ, एक ग्रंथालयात आणि एक प्रत्येक वसतिगृहात लावावी. व्हॉट्सॲपवर छायाचित्राऐवजी मजकूर पाठवावा, म्हणजे तो शोधता येतो. वर्गात वाचून दाखवताना अहिराणीत दोन वाक्ये बोलावीत. ‘कागदं आतेच काढी ल्या’ असे म्हटले की मागच्या बाकावरची मुलेही मान वर करतात.

पत्रक निघाल्यावर काम संपत नाही. एका साध्या वहीत प्रत्येक योजनेसमोर कितींनी अर्ज केला, किती अर्ज महाविद्यालयाच्या लॉगिनवर प्रलंबित आहेत आणि किती त्रुटीसाठी परत आले, हे दर पंधरवड्याला लिपिकाबरोबर बसून लिहावे. माझ्या अनुभवात बरेचसे अर्ज शासनाकडे पोचण्याआधी आपल्याच कार्यालयात थांबलेले असतात, आणि ते पुढे सरकवायला एक दुपार पुरते. परत आलेल्या अर्जाच्या विद्यार्थ्याला फलकावर नाव न लावता फोन करून बोलवावे. वर्षअखेरीस ही वही आणि सर्व अंकांची फाइल पुढच्या वर्षी पत्रक पाहणाऱ्या सहकाऱ्याच्या हाती द्यावी, आणि जूनच्या पहिल्या अंकासाठी उत्पन्नाच्या दाखल्याची नोंद त्यात आधीच लिहून ठेवावी.