निकालाचं सॉफ्टवेअर बांधायचंय? आधी लेजरचं कपाट उघडा

आमचं कॉलेज स्वायत्त झालं त्या वर्षी मी तिथे कंत्राटी प्रोग्रॅमर म्हणून लागले. स्वायत्त म्हणजे पदवी विद्यापीठाची, पण परीक्षा, निकाल, गुणपत्रक हे सगळं आपल्या गळ्यात. डोक्यात लॉगिनचं पान, डॅशबोर्ड, रंगीत आलेख असं बरंच काही घेऊन मी परीक्षा विभागात गेले. हेडक्लार्क अण्णांनी माझं ऐकून घेतलं, किल्ल्यांचा जुडगा काढला आणि कपाटातलं एक लेजर, म्हणजे निकालाची नोंदवही, टेबलावर आपटलं. "मॅडम, हे वाचा. मग तुमचं कॉम्प्युटरचं बघू."

एका ओळीत ३४ हा आकडा एका सरळ रेघेनं खोडलेला होता. वर ४१, बाजूला लाल शाईत 'पु. मू.', खाली दोन सह्या आणि तारीख. पुनर्मूल्यांकनात सात गुण वाढले होते. मी विचारलं, नवीन पान का नाही लिहिलं? अण्णा म्हणाले, "इथे रबर चालत नाही, व्हाइटनर चालत नाही. जुना आकडा दिसलाच पाहिजे."

डेटाबेस कसा असावा याचं याहून चांगलं शिक्षण मला कुठे मिळालं नाही. तुमच्यावर असं काम आलं असेल तर स्क्रीनचा विचार बाजूला ठेवा आणि गुणांच्या तक्त्यापासून सुरुवात करा.

गुणांच्या तक्त्यात एक ओळ म्हणजे एक नोंद: कोणता विद्यार्थी, कोणता विषय, कोणतं सत्र, कोणता घटक (लेखी, अंतर्गत, प्रात्यक्षिक), किती गुण, नोंदीचं कारण, कोणी केली, केव्हा केली. गुण बदलले तर जुनी ओळ बदलायची नाही, नवी घालायची. शेवटची मंजूर ओळ ती चालू. आम्ही पोस्टग्रेस हा डेटाबेस वापरतो. त्यात वेबसाइट ज्या युजरनं डेटाबेसला जोडली जाते, त्या युजरकडून या तक्त्यापुरते बदलण्याचे आणि पुसण्याचे अधिकारच काढून घ्या. एका ओळीची आज्ञा आहे. मग कोडमध्ये कितीही चूक झाली, कोणी कितीही दबाव आणला, तरी रबर हातातच नाही.

गुणांच्या रकान्याशेजारी 'स्थिती' असा वेगळा रकाना हवाच. हजर, गैरहजर, गुण अजून आलेले नाहीत, सूट, गैरप्रकारामुळे राखीव. माझ्या पहिल्या आराखड्यात गैरहजर म्हणजे शून्य होतं. चाचणी निकालात प्रात्यक्षिकाला न आलेला मुलगा ग्रेसच्या (पास व्हायला कमी पडणारे थोडे गुण वरून देण्याच्या) हिशोबात घुसला, कारण प्रोग्रॅमला तो शून्य मिळवलेला दिसत होता. शून्य मिळवायला परीक्षेला यावं लागतं! आणि शिक्षकानं गुण भरायचेच राहिले असतील तर तेही शून्य नव्हे. अशी एक जरी नोंद असली तरी त्या विद्यार्थ्याचा निकाल तयार होता कामा नये.

ग्रेसही वेगळ्या रकान्यात. ३७ अधिक ३ हे ४० म्हणून साठवलंत तर पुनर्मूल्यांकनात मूळ ३७चे ४० झाल्यावर ते ३ काढायचे कुठून? कागदी लेजरमध्ये ग्रेससमोर चांदणी काढत आणि खाली कोणत्या नियमानं दिले ते लिहीत. आपण नियमाचा क्रमांक साठवायचा.

आता विद्यार्थ्याची ओळख. आपल्याकडच्या बऱ्याच विद्यापीठांचा पीआरएन, म्हणजे विद्यार्थ्याचा कायमचा नोंदणी क्रमांक, १६ आकडी असतो. एक्सेल आकड्याचे पहिले १५ अंक नीट धरतं, सोळाव्या जागी शून्य टाकतं. कार्यालयातून आलेली प्रवेशयादी कुणीतरी प्रेमानं एक्सेलमध्ये उघडून परत सेव्ह केली की सगळ्या पीआरएनचा शेवटचा अंक शून्य. एकाच तुकडीतली दहा मुलं एकाच नंबरवर. म्हणून पीआरएन डेटाबेसमध्ये आकडा नव्हे, मजकूर म्हणून ठेवा. फाईल आत घेताना लांबी तपासा आणि एकच पीआरएन दोनदा आला तर अख्खी फाईल परत पाठवा. यादीतला चुकलेला भाग तेवढा गाळून बाकीचा घेण्याची हुशारी करू नका. उरलेल्यांचं काय झालं ते पुढे कुणालाच आठवत नाही.

नावांवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला आणि तरी कमीच पडला. आडनाव, स्वतःचं नाव, वडिलांचं किंवा पतीचं, आईचं, असे चार रकाने करण्याची आपली सवय. पण आडनाव न लावणारी मुलं आहेत, दक्षिणेकडून आलेली आहेत, एकच नाव असलेली आहेत. आडनाव सक्तीचं केलंत की कारकून तिथे टिंब टाकतो आणि ते टिंब गुणपत्रकावर छापलं जातं. बारावीच्या गुणपत्रकावर आहे तसं पूर्ण नाव एका रकान्यात घ्या, आईचं नाव वेगळं. महाराष्ट्रात १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांच्या सरकारी कागदपत्रांवर स्वतःचं नाव, आईचं, वडिलांचं आणि मग आडनाव असा क्रम आहे. ही मुलं कॉलेजात येतील २०४२च्या सुमारास. तोवर तुमचं सॉफ्टवेअर चालूच असणार, अशी गाठ मारून ठेवा. सरकारी खात्यात तात्पुरतं काही नसतं.

देवनागरी नाव विद्यार्थ्याकडूनच लिहून घ्या. इंग्रजी स्पेलिंगवरून यंत्रानं केलेलं लिप्यंतर काळेंना काले करतं आणि गोळेंना गोले. पदवीदान समारंभात हे चुकलं की आजोबा भांडायला येतात, आणि बरोबरच आहे त्यांचं.

एक खोच मराठीचीच. 'कऱ्हाडे' हे आडनाव दोन तऱ्हांनी टाइप होतं. काही कीबोर्ड 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर आणि हलन्त वापरतात, काही साधा र, हलन्त आणि न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे दिसतात, शोधताना मात्र एक सापडतो आणि दुसरा नाही. युनिकोड या अक्षरांच्या संकेतप्रणालीत एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एक करणारं नेहमीचं एनएफसी प्रमाणीकरण आहे, पण तेही ही दोन रूपं एक करत नाही, तो बदल आपणच नोंद करताना करायचा. आमच्याकडे एक मुलगी तीन दिवस 'यादीत नाही' होती ती याच पायी. जुन्या याद्या श्री-लिपी किंवा तसल्या युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये असतील तर कन्व्हर्टर लावा, पण नंतर रफार आणि अर्धा ऱ असलेली नावं डोळ्यांनी वाचून घ्या.

लग्नानंतर किंवा राजपत्रात जाहिरात देऊन नाव बदललं, तर तीही नवी नोंद. जुन्या गुणपत्रकावर परीक्षेच्या वेळचंच नाव राहतं.

नियमांकडे वळू. सगळ्यात मोठी चूक म्हणजे उत्तीर्ण होण्याचा नियम कोडमध्ये लिहून टाकणं. अभ्यासक्रम दर काही वर्षांनी बदलतो, पण जुन्या पॅटर्नचे (म्हणजे जुन्या अभ्यासक्रमाचे आणि नियमांचे) बॅकलॉगवाले परीक्षा देतच राहतात. एकाच सकाळी, एकाच वर्गात तीन पॅटर्नची मुलं बसलेली मी पाहिली आहेत. म्हणून किमान गुण, श्रेणींच्या पायऱ्या, क्रेडिट (विषयाचं वजन), ग्रेसची मर्यादा हे सगळं पॅटर्नच्या तक्त्यात ठेवा आणि विद्यार्थी पॅटर्नला जोडा, वर्षाला नाही.

श्रेणींची दहाची पट्टी यूजीसीची, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची: ओ १०, ए प्लस ९, ए ८, बी प्लस ७, बी ६, सी ५, पी ४, एफ शून्य. सत्राचा एसजीपीए (श्रेणीगुणांची सरासरी) म्हणजे प्रत्येक विषयाचे क्रेडिट गुणिले श्रेणीगुण, त्यांची बेरीज भागिले एकूण क्रेडिट. चार क्रेडिटच्या चार विषयांत ८, ७, ९, ६ आणि दोन क्रेडिटच्या तिघांत १०, ८, ४ मिळाले तर १२० अधिक ४४ म्हणजे १६४, भागिले २२, म्हणजे ७.४५. इथपर्यंत कुणी चुकत नाही. सीजीपीएला, म्हणजे सगळ्या सत्रांच्या एकत्रित सरासरीला, चुकतात. २० क्रेडिटच्या सत्रात ८.०० आणि २२ क्रेडिटच्या सत्रात ७.०० असेल तर सरासरी ७.५० काढून मोकळं व्हायचं नाही. १६० अधिक १५४ भागिले ४२, ७.४८ येतात. दोन शतांशांवर कुणाची तरी नोकरीची अट अडकलेली असते.

पूर्णांकात आणण्याची जागा एकच ठेवा. आमच्याकडे दोन चाचण्यांची सरासरी १२.५ आली की शिक्षकांच्या पडद्यावर १३ दिसायचे आणि गुणपत्रकावर १२ छापले जायचे. पडद्यावर जावास्क्रिप्ट होती, ती अर्ध्याला वर नेते. सर्व्हरवर पायथन होती, तिचं राउंड अर्ध्याला जवळच्या सम संख्येकडे नेतं. दोघी आपापल्या जागी बरोबर. तुमच्या परीक्षा मंडळानं काय ठरवलंय ते लेखी घ्या, दशांश प्रकार वापरा आणि हिशोब फक्त सर्व्हरवर करा.

गुण भरण्याच्या पडद्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. माउसला हात न लावता खालच्या खाली उतरता आलं पाहिजे, कमाल गुणांहून मोठा आकडा तिथेच अडला पाहिजे. भरणारा एक, ताळा करणारा दुसरा, आणि दोघांची सही झाली की कुलूप. कुलूप उघडायचं तर परीक्षा नियंत्रकांचं लेखी पत्र, त्याचा जावक क्रमांक नोंदीत.

जुनी लेजर आत आणणं हे मात्र वेगळंच प्रकरण. आमच्याकडे १९८७ सालापासूनची होती, काहींना कसर लागलेली. सगळं टाइप करायला घेऊ नका. आधी पानं स्कॅन करा, प्रत्येक पानाला लेजर क्रमांक, पान क्रमांक आणि त्यावरचे बैठक क्रमांक कुठून कुठपर्यंत आहेत एवढंच जोडा. माजी विद्यार्थी दुय्यम गुणपत्रक मागायला आला की पान दोन मिनिटांत सापडतं, आणि निम्म्याहून जास्त काम तिथेच भागतं. ज्याची मागणी येईल ती ओळ तेव्हा टाइप करायची.

टाइप करताना दोघांनी स्वतंत्रपणे करायचं, एकमेकांचं न बघता. प्रोग्रॅम जुळवेल, न जुळणारं तिसरा माणूस स्कॅन बघून ठरवेल. शिवाय लेजरमध्ये ओळीची बेरीज लिहिलेली असते. ती मुद्दाम टाइप करून घ्या आणि आपल्या बेरजेशी ताडून पाहा. दोघांनीही ७चा १ वाचला तरी बेरीज पकडते. कधी कधी मूळ बेरीजच चुकलेली सापडते. तेव्हा हात बांधून बसायचं: लेजरमध्ये आहे तेच भरायचं आणि शेरा लिहायचा. तीस वर्षांपूर्वी जाहीर झालेला निकाल दुरुस्त करणं हे प्रोग्रॅमरचं काम नाही.

गुणपत्रकाच्या पीडीएफला देवनागरी जोडाक्षरं नीट येतात का ते पहिल्याच आठवड्यात बघा. साध्या पीडीएफ लायब्ररीत पहिली वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाऊन बसते. मी शेवटी वेबपान बनवून पडद्याविना चालणाऱ्या क्रोमकडून पीडीएफ करून घेतली. पडताळणीच्या क्यूआरमध्ये पीआरएन घालू नका, यादृच्छिक लांब खूण घाला. वेबपत्त्यातला एक अंक बदलून शेजाऱ्याचं गुणपत्रक उघडणं हा मुलांचा आवडता खेळ आहे. बैठक क्रमांक आणि आईचं नाव ही निकाल बघण्याची जोडी आपल्या अंगवळणी पडलीय खरी, पण वर्गात कोणाच्या आईचं नाव कोणाला ठाऊक नसतं? पूर्ण गुणपत्रक लॉगिनमागेच ठेवा. निकालाच्या दिवशी सगळे एकाच मिनिटाला येतात, तेव्हा डेटाबेसकडे जाऊच नका. पानं आदल्या रात्री बनवून तयार ठेवा.

विद्यार्थ्यांचे क्रेडिट जमा ठेवणाऱ्या अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सचं नियमन यूजीसीनं जुलै २०२१ मध्ये आणलं. तिथे क्रेडिट पाठवायचे तर विद्यार्थ्याचा १२ आकडी अपार क्रमांक (देशभर एकच असणारा शैक्षणिक ओळखक्रमांक) लागतो आणि नाव जुळावं लागतं. प्रवेशाच्या वेळीच घ्या, निकालाच्या आठवड्यात मागे लागू नका. आता पहिल्या वर्षानंतर ४० ते ४४ क्रेडिटवर प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडता येतं आणि मिळवलेले क्रेडिट जास्तीत जास्त सात वर्षं चालतात. त्यामुळे क्रेडिट विषयागणिक आणि मिळाल्याच्या तारखेसह साठवा. 'एफवाय पास' एवढ्या नोंदीवर हा हिशोब होत नाही.

बॅकअप रोज रात्री होतो असं सगळेच सांगतात. आम्ही दर सत्राला निकाल गोठवला की लेजर छापतो, सह्या घेतो, बांधून कपाटात ठेवतो. मग बॅकअप एका कोऱ्या मशीनवर उतरवतो आणि छापील लेजरमधली काही पानं त्याच्याशी ओळ न् ओळ ताडतो. अण्णा निवृत्त झाले, पण त्या दिवशी चहाला येतात. कोणतं पान उघडायचं ते अजून तेच सांगतात.