पलंग ते संडास: व्हीलचेअरसाठी घर कसं बदलावं

बाबांची डावी बाजू गेली. डिस्चार्जच्या आदल्या दिवशी मी व्हीलचेअर घरी आणली आणि ती संडासाच्या दारातच अडकली. तोवर माझ्या डोक्यात रॅम्प, हॉस्पिटलसारखा पलंग असं मोठं मोठं चाललं होतं. खरं काम निघालं अकरा पावलांच्या वाटेचं: पलंग ते संडास. तुम्हीही तिथूनच सुरू करा. हॉल नंतर बघता येतो.

आधी टेप आणि खडू

खुर्चीचं माप सीटचं घेऊ नका, चाकाबाहेरच्या, हातानं फिरवायच्या कड्यापासून कड्यापर्यंत घ्या. साधारण 24 ते 26 इंच भरतं. दाराचं मापही चौकटीचं नको. दार काटकोनात उघडा आणि फळीपासून समोरच्या चौकटीपर्यंत टेप लावा. सरकारी मार्गदर्शक सूचना 900 मिलिमीटर (सुमारे 35 इंच) मोकळं दार मागतात, जुन्या फ्लॅटमध्ये ते मिळणं कठीण. 32 इंच मिळाले तरी निभतं. खुर्ची जागच्या जागी वळवायला पाच फूट व्यासाचं वर्तुळ लागतं. ते खडूनं फरशीवरच काढा, म्हणजे कोणतं टेबल हलवायचं यावर घरात वाद होत नाही.

दार आणि उंबरठा

स्वस्तातला उपाय म्हणजे फळी काढून जाड पडदा लावणं. सुमारे दीड इंच जागा मोकळी होते. दार हवंच असेल तर ते बाहेर उघडणारं किंवा सरकतं करा. माणूस आत दाराला टेकून पडला, तर आत उघडणारं दार उघडतच नाही. कडीही बाहेरून काढता येईल अशी घ्या. चौकट रुंद करायची असेल तर भिंत फोडण्याआधी शेजारी कॉलम नाही ना, हे इंजिनीअरला दाखवा.

बाथरूमची ग्रॅनाइटची पट्टी काढायला गवंडी कुरकुरतो, ‘पाणी बाहेर येईल’ म्हणतो. त्याचं खरं आहे. म्हणून पट्टी काढताना फरशीचा उतार जाळीकडे नव्यानं काढून घ्या आणि फरशी उखडलीच आहे तर वॉटरप्रूफिंगही करा, नाहीतर खालच्या मजल्यावरचे वर येतील. टाइल मॅट घ्या, चकचकीत नको.

मुख्य दाराच्या उंबरठ्याला आईनं हात लावू दिला नाही. रोज हळदीकुंकू वाहते ती. मग दोन्ही बाजूंना लाकडी उतार बसवले. हिशेब सोपा आहे: एक इंच उंचीला बारा इंच उतार. उंबरठा दोन इंच, तर उतार दोन फूट. इमारतीच्या तीन पायऱ्या मिळून 18 इंच असतील तर रॅम्प 18 फूट होतो आणि तो सोसायटीच्या जागेत जातो. त्यासाठी लेखी अर्ज द्या, पोच घ्या.

आधाराचे दांडे

इथे घाई आणि कंजुषी दोन्ही नको. टॉवेलचा दांडा हा आधाराचा दांडा नव्हे. प्लॅस्टिकच्या गिट्टीतला स्क्रू माणसाच्या झोकानं निघून येतो. विटांच्या भरीव भिंतीत अँकर फास्टनर, म्हणजे आवळला की आत फुगून घट्ट बसणारा धातूचा बोल्ट, लावा. भिंत चार इंची किंवा पोकळ ब्लॉकची असेल तर आरपार बोल्ट घालून पलीकडून पट्टी द्या. दांडा सव्वा ते दीड इंच जाडीचा, भिंतीपासून दीड-दोन इंच सुटा. अंतर जास्त ठेवलं तर हात सटकून मधे अडकतो.

उंची पुस्तकातून घेऊ नका. माणसाला कमोडवर बसवा, उठताना हात आपोआप जिथे जातो तिथे खडूची खूण करा. बाजू मात्र चांगल्या हाताची. आमच्या प्लंबरनं पहिला दांडा डावीकडे ठोकला, का तर भिंत तिकडे होती! बाबांचा तो हात उचलतच नव्हता. उजवीकडे भिंत नव्हती, तिथे शेवटी जमिनीत बसणारा घडीचा दांडा लावला.

नेहमीचा कमोड 15-16 इंच उंच असतो. 18-19 इंच हवा, म्हणजे खुर्चीच्या सीटच्या पातळीत. वर बसवायची उंच सीट मिळते, कमोड बदलावा लागत नाही. भारतीय पद्धतीचा संडास असेल तर तूर्त त्यावर कमोड-खुर्ची ठेवा. अंघोळीला हलकं प्लॅस्टिकचं स्टूल नको, ते सरकतं. रबरी बुडाची, हातांची खुर्ची घ्या.

बाकीचं भराभर

पलंगाची उंची खुर्चीच्या सीटइतकी, पायांखाली खाचेचे लाकडी ठोकळे देऊन. सतरंज्या, पायपुसणी उचला. नळ लिव्हरचे. स्विच साडेतीन फुटांवर, पलंगापाशी एक टू-वे, म्हणजे तोच दिवा दोन ठिकाणांहून लावता येतो. साधी बिनतारी दारावरची बेल त्यांच्या उशाशी द्या, हाक मारून दमण्यापेक्षा बरी.

गवंड्याला शेवटचे पैसे देण्याआधी स्वतः खुर्चीत बसा, डावा हात पाठीशी धरा आणि पलंगापासून कमोडपर्यंत जाऊन या. मी गेलो तेव्हा कळलं की फ्लशचं बटण पाठीमागे, तेही डावीकडे होतं.