स्वयंपाकघरातल्या नळाचं हँडल हलायला लागलं तर

चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, दोन दिवस उरले होते. बायको नेवऱ्यांसाठी चून, म्हणजे सारण, परतत होती, माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर फळं-पानं बांधतात त्याचं, सामान पडवीत येऊन पडलं होतं. माझ्या ८४ वर्षांच्या आईने टोप विसळला आणि नळ बंद करायला गेली, तर हँडलच तिच्या हातात आलं. पाणी वाहतच होतं. मी धावत जाऊन पकडीने स्पिंडल, म्हणजे हँडल जिच्यावर बसतं ती आतली दांडी, फिरवला, पाणी थांबवलं, आणि ते हँडल उलटं करून तळहातावर ठोकलं. आतून चिमूटभर सोनेरी भुकटी पडली.

ती पितळेची भुकटी होती. श्रावण लागल्यापासून ते हँडल हलत होतं आणि मला ते माहीत होतं. एक स्क्रू पाव फेरा आवळायचा होता, तो मी महिनाभर आवळला नाही. तेवढ्या दिवसांत हँडलने रोज थोडे थोडे करून स्वतःचे आणि स्पिंडलचे दाते खाल्ले. म्हणून हे लिहितो आहे. हँडल नुसतं हलतंय, नळ चालतोय, अशी स्थिती असेल तर हेच काम करायचे दिवस आहेत.

मी गोव्यातल्या डिचोली तालुक्यातला. खाणीवरच्या वर्कशॉपमध्ये फिटर होतो. २०१२ साली खाणी थांबल्या, मग थोड्या सुरू झाल्या, २०१८ च्या मार्चमध्ये पुन्हा बंद पडल्या. तेव्हापासून घरचं आणि शेजारपाजारचं असलं काम मीच बघतो. टिपरच्या ॲक्सलला जसे दाते असतात, तसेच नळाच्या स्पिंडलच्या टोकाला असतात, फक्त बारीक. दाते दात्यांत घट्ट बसले की जोर सगळ्यांवर सारखा पडतो. जरा जागा मिळाली की प्रत्येक फेऱ्याला आधी धक्का बसतो आणि मग स्पिंडल फिरतो. तो धक्का धातू खातो.

सुरुवात हत्यारांनी करू नका, हाताने करा. नळ बंद ठेवा. एका हाताच्या दोन बोटांनी हँडलच्या खालचा भाग, म्हणजे नळाचा गळा, धरा आणि दुसऱ्या हाताने हँडल हळूच हलवा. नुसतं हँडल डुगडुगत असेल आणि खालचं काही हलत नसेल, तर स्क्रू ढिला आहे. हँडलबरोबर आतली दांडीसुद्धा इकडे-तिकडे झुकत असेल, तर स्पिंडल बसवणारा नट ढिला झाला आहे. आणि सगळा नळच भिंतीत फिरत असेल तर मामला आटे आणि टेफ्लॉन टेपचा आहे, तो वेगळा आणि मोठा. ह्या तिन्हींना लोक ‘नळ लूज झालाय’ असंच म्हणतात, आणि मग चुकीच्या जागी पान्हा लावतात.

आता स्क्रू शोधायचा. सिंकवरच्या हंसमानेच्या साध्या नळाला बहुधा डोक्यावर एक छोटं झाकण असतं, कधी त्यावर निळा किंवा लाल ठिपका. ते झाकण एकतर फिरवून निघतं, नाहीतर नुसतं दाबून बसवलेलं असतं. आधी जाड कापडात धरून फिरवून बघा. नाही फिरलं, तर पातळ सुरीचं टोक कडेला घालून उचका, पण क्रोमवर सुरी टेकवू नका, मध्ये पोस्टकार्डाचा तुकडा ठेवा. खाली चौफुलीचा स्क्रू दिसेल.

दांडीसारखं हँडल असलेल्या नळांना, म्हणजे पाव फेऱ्याच्या नळांना आणि सिंगल लिव्हर मिक्सरना (एकाच दांडीने गरम-थंड पाणी सोडणाऱ्या नळांना), स्क्रू बहुतेक वेळा बाजूला, मागे किंवा दांडीच्या पोटात लपलेला असतो. तिथे करंगळीच्या नखापेक्षा लहान प्लॅस्टिकचं बुच असतं, तेही टाचणीने निघतं. वाकून दिसत नसेल तर मोबाइलचा पुढचा कॅमेरा सुरू करून हँडलखाली धरा, भोक लगेच सापडतं. आत सहाकोनी खाचेचा, डोकं नसलेला ग्रब स्क्रू असतो आणि त्याला ॲलन की, म्हणजे काटकोनात वाकलेली सहाकोनी चावी, लागते. घरगुती नळांना बहुतेक वेळा २, २.५ किंवा ३ मिलिमीटरची चावी लागते. सुटी चावी आणण्यापेक्षा लहान संच आणा, कारण एक चावी जरा सैल लागली की लोक तिच्यावरच काम भागवतात आणि खाच गोल करून ठेवतात. सर्वांत मोठी जी चावी आत पूर्ण जाईल ती बरोबर. ती तळाला टेकली पाहिजे. भोकात तेलकट मळी भरलेली असते, स्वयंपाकघरातला नळ म्हटल्यावर ती असणारच. दाबून चावी घालण्याआधी टूथपिकने ती काढून टाका.

स्क्रूला हात लावण्याआधी सिंकच्या जाळीवर एक फडकं पसरा. ग्रब स्क्रू तांदळाच्या दोन दाण्यांएवढा असतो आणि जाळीतून गेला की गेला.

नुसता स्क्रू आवळायचा असेल तर पाणी बंद करायची गरज नाही, नळ बंद असला म्हणजे झालं. हँडल काढणार असाल तर मात्र टाकीचा वॉल्व्ह किंवा सिंकखाली अँगल कॉक, म्हणजे त्या नळाचं पाणी तोडणारा छोटा वॉल्व्ह, असेल तर तो बंद करा. आणि आतला नट उघडणार असाल तर पाणी बंद केल्याशिवाय हातही लावू नका. दाबाखाली तो नट सुटला तर स्पिंडल गोळीसारखा बाहेर येतो आणि पाणी छताला लागतं.

आवळायची दिशा घड्याळाच्या काट्यांची. दांडीच्या पोटातला स्क्रू आवळताना माणूस इथेच गोंधळतो, कारण तो वरून बघतो आणि स्क्रू खालून असतो. चावी ज्या बाजूने आत शिरते, त्या बाजूला डोळा नेऊन बघतोय असं समजा आणि मग घड्याळ मनात आणा. माझ्या मुलीला हे सांगून कळलं नाही. तिने हातात बरणी उलटी धरली आणि झाकण लावून बघितलं, मग कळलं.

चावीची आखूड बाजू स्क्रूमध्ये घालून लांब बाजू हातात धरली की जोर फार मोठा होतो. त्या लांब बाजूच्या शेंड्याला दोनच बोटं लावा, मूठ नको. हँडल हलायचं थांबलं, की त्यापुढे पाव फेरा, बस. एवढ्या बारीक स्क्रूला जास्त पीळ दिला तर आटे जातात. हँडल जस्ताच्या मिश्रधातूचं असेल, आणि हल्ली बरीच हँडलं तशीच येतात, तर आटे आणखी लवकर जातात.

बहुतेक घरांत काम इथेच संपेल. पण आपल्याकडे पाऊस चार महिने असतो, हवा कायम ओलसर, किनाऱ्याकडच्या गावांत वर खारं वारं. त्यामुळे साधा लोखंडी स्क्रू आत गंजून बसलेला असतो. चावी फिरत नाही असं दिसलं की जोर वाढवू नका. गंज सोडवणाऱ्या तेलाचा एक थेंब काडीने त्या भोकात सोडा आणि अर्धा तास दुसरं काही काम करा. मग चावी आधी आवळायच्या दिशेने किंचित दाबा आणि नंतर सोडवायच्या दिशेने. गंज तुटतो तेव्हा बारीक ‘टक’ असा आवाज येतो आणि तो बोटांना आधी कळतो. चौफुलीची खाच गुळगुळीत झाली असेल तर रबर बँडचा रुंद तुकडा स्क्रूवर ठेवून त्यावरून स्क्रूड्रायव्हर दाबून फिरवा. बऱ्याचदा पकड मिळते. निघालेला गंजका स्क्रू परत लावू नका. तो हातात घेऊन दुकानात जा आणि त्याच मापाचा स्टेनलेस स्टीलचा मागा.

खोबरेल तेलाबद्दल एक सांगतो, कारण आपल्या घरांत कुरकुरलं काही की पहिला हात त्या बाटलीकडे जातो. नळात खोबरेल घालू नका. ते काही दिवसांनी चिकट होतं, त्यावर धूळ-मळी धरते, आणि आतल्या रबरी रिंगांनाही तेल चांगलं नाही. रिंगा आणि दाते यांना सिलिकॉनचं ग्रीस लावतात, तेही बोटाला लागेल इतकंच.

आता दाते. स्क्रू आवळला, तरीही हँडल थोडं फिरून मग नळ उघडतो, असं झालं तर हँडल वर ओढून काढा. ते अडकलं असेल तर दोन्ही बाजूंनी आळीपाळीने हळूहळू हलवत वर आणा. हातोडी मारू नका, आतली सिरॅमिकची चकती तडकते. निघालं की आधी मोबाइलवर फोटो काढा, हँडल कोणत्या दिशेला होतं तो. मग जुन्या टूथब्रशने स्पिंडलचं टोक साफ करा आणि खिडकीच्या उजेडात आडवं बघा. चांगला दाता टोकदार, कंगव्यासारखा दिसतो. गेलेला दाता गोलसर दिसतो आणि त्यावर बोट फिरवलं तर नखाला अडत नाही. हँडलच्या आतही बघा. काही हँडलांत दात्यांच्या जागी प्लॅस्टिकचा बुश, म्हणजे छोटी नळी, असतो, तो उभा चिरलेला सापडतो. आत करडी भुकटी असेल तर हँडल झिजतंय, सोनेरी असेल तर पितळ झिजतंय.

दाते थोडे गेले असतील तर स्पिंडलच्या टोकाला टेफ्लॉन टेपचे दोन-तीन वेढे घट्ट देऊन त्यावर हँडल दाबून बसवा आणि स्क्रू आवळा. चवथीला मी हेच केलं. सण निभावला, पण हा इलाज काही आठवड्यांचा आहे. झटपट चिकटणारा गोंद मात्र दात्यांत ओतू नका. पुढे वॉशर बदलायची वेळ येईल तेव्हा हँडल निघणार नाही आणि सगळा नळ कापून काढावा लागेल. शेजारच्या घरी मी असा एक नळ कापला आहे. चांगला जड पितळी नळ होता आणि फक्त हँडलपायी गेला.

दाते बरेच गेले असतील तर नवीन भाग हवा. एकट्या हँडलचं वर्णन करून दुकानात ते मिळत नाही, कारण दात्यांची संख्या आणि जाडी कंपनीप्रमाणे बदलते. पाणी बंद करून स्पिंडल काढा, हँडल आणि स्पिंडल दोन्ही पिशवीत घाला, आणि तिथे नवीन हँडल जुन्या स्पिंडलवर बसवून बघा. मी शुक्रवारी म्हापशाच्या बाजाराला गेलो तेव्हा तिथल्या हार्डवेअरवाल्याने एकामागून एक चार हँडलं बसवून बघितली. चौथं बसलं, पण माझा स्पिंडलही झिजलेला होता म्हणून दोन्ही घेतलं. हलणारं जुनं आणि नवं यांची जोडी केली तर जुनं नव्याला खातं.

एक गोष्ट फार कमी लोक तपासतात. स्क्रू मुळात ढिला का झाला? जुन्या पद्धतीच्या नळात आतला वॉशर झिजला की पाणी ठिबकतं, आणि घरातला प्रत्येक जण तो नळ जास्त जोराने आवळू लागतो. तो सगळा जोर हँडलच्या स्क्रूवर येतो. तुम्ही स्क्रू आवळाल, महिन्याने तो परत ढिला होईल. अशा वेळी अर्ध्या इंचाचा वॉशर बदला आणि मग हँडल आवळा. पाव फेऱ्याच्या नळात उलट आहे. तो ९० अंशात थांबतो, त्यापुढे जायला जागाच नसते, पण जुन्या नळाची सवय असलेला हात तिथेही आवळत राहतो. माझ्या आईचं वेगळं. तिची बोटं आता वळत नाहीत, म्हणून ती मनगटाने दांडी आपल्याकडे ओढते. तो जोर फिरवण्याचा नसतो, उपटण्याचा असतो. तिला ‘असं करू नको’ म्हणण्यात अर्थ नव्हता. नवीन हँडल घेताना मी लांब दांडीचं घेतलं, म्हणजे कोपराच्या नुसत्या टेकणीनेही ते फिरतं.

परत बसवताना नळ बंद स्थितीत ठेवा आणि फोटोत होतं त्याच दिशेला हँडल बसवा. काही स्पिंडलना दात्यांऐवजी एका बाजूला सपाट जागा असते, ग्रब स्क्रूचं टोक त्या सपाटीवरच टेकलं पाहिजे. गोलाईवर टेकलं तर दोन दिवसांत सुटतं. स्क्रूच्या आट्यांना निळ्या रंगाच्या थ्रेड लॉकरचा, म्हणजे आटे ढिले होऊ न देणाऱ्या द्रवाचा, अगदी लहान थेंब लावा. लालवाला नको, तो नंतर सुटत नाही. निळा नसेल तर नेलपॉलिशचा थेंबही चालतो, मी मुलीच्या बाटलीतला वापरला. थेंब लावल्यावर नळ निदान रात्रभर हलवू नका, म्हणून हे काम जेवणं आटोपल्यावर करा.

सकाळी वॉल्व्ह हळूहळू उघडा, नळ दहा वेळा उघडा-बंद करा आणि कोरडा कागद हँडलच्या मुळाशी फिरवा. कागद ओला झाला तर आतला नट किंचित आवळायचा राहिला आहे. आठ दिवसांनी पुन्हा एकदा दोन बोटांनी हँडल हलवून बघा, आणि तेवढ्यासाठी ती ॲलन की नळाच्या वरच्या खिळ्याला दोरीने बांधून ठेवा. आमच्याकडे ती चहाच्या गाळणीशेजारी टांगलेली आहे आणि हल्ली आईच बघून सांगते, आज हललं की नाही ते.