छोटा गिटार प्रोसेसर बदलायचाय? आधी या चुका टाळा

जुलै लागला की ठाणे-नवी मुंबईतल्या गिटारवाल्यांची चुळबुळ सुरू होते. गणपतीचे कार्यक्रम तोंडावर आलेले असतात, मागोमाग नवरात्र, मग दिवाळी पहाट. नेमका तेव्हाच हातातला छोटा प्रोसेसर, म्हणजे गिटारला वेगवेगळे आवाज आणि इफेक्ट देणारा पायाशी ठेवायचा डबा, एकदम जुनाट वाजायला लागतो. झूमचा एमएस-५०जी असो, जी१एक्स फोर असो की बॉसचा जीटी-१, तक्रारी त्याच असतात. डिस्टॉर्शन (रॉकमधला फाटका आवाज) चरचरतं, बँडमध्ये सोलो ऐकूच येत नाही, हम (सततची घूं) येतो. मग रात्री मोबाइलवर डेमो बघायचे, ईएमआय किती पडेल ते बघायचं आणि जुना डबा विकायला काढायचा.

माझं मत थोडं वेगळं आहे. यातल्या बहुतेक तक्रारी प्रोसेसरच्या नसतात. त्याच्या आधी किंवा नंतर जे जोडलेलं असतं, त्याच्या असतात. तिप्पट किमतीचा प्रोसेसर त्याच वायरीत, त्याच सेटिंगवर लावलात तर चरचर तशीच राहील. म्हणून खरेदीआधी दोष कुठे आहे तो शोधा.

आवाज कुठे जातोय, हे प्रोसेसरला न सांगणं

सगळ्यात जास्त प्रोसेसर या एका चुकीपायी विकले जातात, असं मला वाटतं.

गिटार अॅम्पचा बारा इंची स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्झच्या वर फारसं काही वाजवत नाही. डिस्टॉर्शनमधली वरची सगळी करकर तो आपोआप गिळतो. हॉलचा पीए (सगळ्या हॉलला ऐकवणारे स्पीकर) किंवा घरातला स्टुडिओ मॉनिटर तसं करत नाही, तो वरपर्यंत सगळं ऐकवतो. म्हणून थेट मिक्सरला जाताना प्रोसेसरमधलं कॅब सिम्युलेशन, म्हणजे गिटार स्पीकरच्या पेटीची नक्कल, चालू हवं. ते बंद असेल तर कितीही महागडा अॅम्प मॉडेल (अॅम्पची डिजिटल नक्कल) निवडा, आवाज माश्या घोंगावल्यासारखाच येणार. उलट जॅम रूममधल्या (सरावाच्या भाड्याच्या खोलीतल्या) गिटार कॉम्बोला, म्हणजे अॅम्प-स्पीकर एकाच पेटीत असलेल्याला, जोडताना कॅब चालू राहिलं, तर आवाज दोनदा गाळला जातो आणि दबका, बोदा होतो.

बॉस जीटी-१ मध्ये यासाठी आउटपुट सिलेक्ट नावाचं सेटिंग आहे. मिक्सर किंवा हेडफोन असेल तर लाइन/फोन्स, अॅम्प असेल तर त्या जातीचा अॅम्प निवडायचा. डबा घेतल्यापासून या पानावर एकदाही न गेलेले लोक भरपूर आहेत. झूमवर अॅम्प आणि कॅबचे ब्लॉक (आवाजाच्या साखळीतले टप्पे) पॅचगणिक, म्हणजे साठवलेल्या प्रत्येक सेटिंगमध्ये, बघावे लागतात. जॅम रूमसाठी एक आणि हॉलसाठी एक अशी प्रत्येक पॅचची जोडी करून ठेवलेली बरी. कॉम्बोला मागे इफेक्ट्स लूप (इफेक्ट मध्ये जोडायचे सेंड आणि रिटर्न हे दोन जॅक) असेल आणि तुम्ही प्रोसेसरमधलाच अॅम्प मॉडेल वापरत असाल, तर पुढच्या इनपुटऐवजी लूपच्या रिटर्नमध्ये वायर घाला. कॉम्बोचा स्वतःचा प्रीअॅम्प (आवाजाला रंग देणारा पहिला टप्पा) वगळला जातो आणि बराचसा बोदेपणा तिथेच जातो.

तपासणी सोपी आहे. एकच पॅच आधी प्रोसेसरच्या हेडफोनवर ऐका, मग मिक्सरवर, मग कॉम्बोवर. हेडफोनवर चांगला आणि बाकी ठिकाणी वाईट वाजत असेल, तर डब्याचं काही बिघडलेलं नाही.

याच्या जोडीला दोन किरकोळ गोष्टी. एकच वायर न्यायची असेल तर ती लेफ्ट/मोनो लिहिलेल्या जॅकमध्येच घाला. उजव्या जॅकमधून नेलीत तर स्टिरिओ डिले (आवाजाचे पडसाद) अर्धाच ऐकू येतो आणि लोक म्हणतात, डिले खराब झालाय. दुसरं म्हणजे पातळी. साउंडवाला तुमची वायर डीआयला (गिटार मिक्सरला जोडायच्या छोट्या पेटीला) जोडून स्टेज बॉक्समधून माइकच्या चॅनलवर घेतो. प्रोसेसरचा आवाज पूर्ण चढवलेला असेल तर तिथे तो फाटतो, आणि ते फाटणं डिस्टॉर्शनसारखंच ऐकू येतं. डीआयवरचं पॅड (पातळी उतरवणारं बटण) दाबायला सांगा किंवा आउटपुट उतरवा.

रात्री अकराला हेडफोनवर पॅच बनवणं

आपल्याकडे दुसरा इलाज तरी काय! कोपरखैरणे काय किंवा वर्तकनगर काय, सोसायटीत रात्री अॅम्प लावला तर वॉचमन बेल वाजवणारच. म्हणून सगळे पॅच हेडफोनवर, हळू आवाजात रचले जातात. तिथेच घोळ होतो.

हार्वे फ्लेचर आणि विल्डन मन्सन यांनी १९३३ मध्येच मोजून दाखवलं होतं की आवाज हळू असला की माणसाच्या कानाला बास आणि बरीचशी ट्रेबल कमी ऐकू येते, आणि आवाज चढत गेला की हा फरक कमी होत जातो. म्हणजे रात्री हळू ऐकताना तुम्ही नकळत बास आणि ट्रेबल वाढवता, मिड (मधल्या पट्टीचा आवाज) खाली ओढता. घरी ते भरदार वाटतं. तोच पॅच गडकरी रंगायतनात किंवा वाशीच्या भावे नाट्यगृहात बँडच्या आवाजात वाजवा. बास ऑक्टोपॅड आणि बास गिटारच्या गर्दीत बुडतो, ट्रेबल कानात टोचते, आणि जे मिड ढोलकी-कीबोर्डच्या पुढे यायला हवेत ते तुम्हीच काढून टाकलेले असतात. सोलो हरवतो तो इथे. नवा प्रोसेसर घेऊन पुन्हा रात्री अकराला बसलात तर तो पुन्हा हरवेल.

दुरुस्ती अशी: गिटारची सगळ्यात जाडी तार ८२ हर्ट्झला वाजते, त्यामुळे लो कट (त्याखालचा आवाज गाळणारं सेटिंग) ८० च्या आसपास ठेवायला हरकत नाही. हाय कट (त्यावरचा आवाज गाळणारं) ६ ते ७ किलोहर्ट्झवर. मिड शून्याच्या खाली नेऊ नका. गेन (डिस्टॉर्शनचं प्रमाण) घरी लावता त्याच्या दोन तृतीयांश करा, कारण मोठ्या आवाजात नोट जास्त टिकते. रिव्हर्ब (घुमारा) निम्मा, बाकीचा हॉल देतो. हे आकडे सुरुवातीपुरते आहेत. शेवटचं ट्यूनिंग जॅम रूममध्ये, ड्रमर वाजवत असतानाच करा. तासाचं भाडं प्रोसेसरपेक्षा खूपच स्वस्त पडतं.

सोलोसाठी गेन वाढवणं ही याचीच धाकटी बहीण. गेनने आवाज आणखी दाबला जातो, पुढे येत नाही. सोलोच्या पॅचला पातळी वाढवा आणि ७०० हर्ट्झ ते १.५ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात थोडा उठाव द्या.

हम आला की डब्यावर खापर

आधी गिटारचा व्हॉल्यूम शून्य करा. हम गेला तर तो पिकअपमधून (तारांचं कंपन टिपणाऱ्या भागातून) येतोय: सिंगल कॉइल जातीचा पिकअप, जवळची एलईडी माळ, डिमर, मांडवातला ट्रान्सफॉर्मर. दोन पावलं सरका, गिटार फिरवून बघा. व्हॉल्यूम शून्य करूनही हम राहिला तर अॅडॅप्टर काढून प्रोसेसर सेलवर चालवा. एमएस-५०जी दोन डबल-ए सेलवर चालतो, जीटी-१ आणि जी१एक्स फोर चार सेलवर. सेलवर शांत झाला तर दोष अॅडॅप्टरचा किंवा अर्थिंगचा. मांडवातल्या एक्स्टेंशन बोर्डला अर्थची वायर असेलच असं नाही. लॅपटॉपला यूएसबीने जोडलेला असताना किणकिण येत असेल तर आधी लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. अर्थिंगच्या चक्रातून येणारा हम असेल तर डीआयवरचा ग्राउंड लिफ्ट कामी येतो. तीन पिनांच्या प्लगची अर्थ पिन मात्र कापू नका. ओल्या मांडवात ते जिवावर बेतू शकतं.

अॅडॅप्टरचा विषय निघालाच आहे तर सांगतो. घरातल्या वायफाय राउटरचा अॅडॅप्टर पुष्कळदा १२ व्होल्टचा असतो आणि त्याची आतली पिन पॉझिटिव्ह असते. या प्रोसेसरना ९ व्होल्ट आणि आतली पिन निगेटिव्ह लागते. पिन मात्र बऱ्याचदा चपखल बसते! अॅडॅप्टरवर छापलेलं गोलाचं चिन्ह वाचल्याशिवाय घालू नका.

पावसाळ्याचंही जरा बघा. खाडीकाठच्या दमट हवेत जॅकवर पातळ थर चढतो, मग आवाज तुटक येतो. प्रोसेसर बंद करून प्लगला कॉन्टॅक्ट क्लीनर मारा आणि जॅकमध्ये चार-सहा वेळा आत-बाहेर करा. कार्यक्रम नसलेल्या महिन्यांत सेल आत ठेवू नका, गळून स्प्रिंगा खातात. दाबूनही पॅच न बदलणारा फूटस्विच बहुतेक वेळा बदलून मिळतो. डबा उघडू शकणारा चांगला कारागीर शोधा, त्यासाठी अपग्रेड नको.

फर्मवेअर न बघता निर्णय

लाइन ६ च्या एचएक्स स्टॉम्प या प्रोसेसरमध्ये २०२० साली आलेल्या ३.० फर्मवेअरने (डब्यातल्या सॉफ्टवेअरने) एका पॅचमधल्या ब्लॉकची मर्यादा सहावरून आठ केली, तीही फुकट. असं प्रत्येक कंपनी करत नाही, पण विकण्याआधी आपल्या मॉडेलची शेवटची आवृत्ती घातलेली आहे का एवढं तरी बघा. अपडेटआधी पॅच लॅपटॉपवर उतरवून ठेवा, आणि वीज जा-ये करत असताना अपडेटला हात घालू नका.

मग बदलायचा कधी?

जे काम तुमच्या डब्याला करताच येत नाही ते तुम्हाला प्रत्यक्ष लागतंय, तेव्हा. ‘आवाज अजून छान हवा’ हे मी काम धरत नाही. पुढच्या कार्यक्रमातली अवघड तीन गाणी कागदावर लिहा आणि प्रत्येकात पाय कधी, कुठे पडतो ते लिहा. एमएस-५०जी ला फूटस्विच एकच. अंतऱ्याचं क्लीन, त्यावरचा डिले आणि लगेच सोलो एवढं एका पायाने जमत नसेल, तर तक्रार खरी आहे. २०२३ च्या एमएस-५०जी प्लसमध्ये चार दिशांची बटणं वाढली आहेत, पण ती बुटाने दाबायला बारीकच.

जीटी-१ वाल्यांनी मात्र थांबावं. त्याला मागे बाहेरचा फूटस्विच किंवा एक्स्प्रेशन पेडल (पायाने दाबून आवाज कमी-जास्त करायचं) जोडायचा जॅक आहे. दोन बटणांचा फूटस्विच जोडला की निम्म्या लोकांची अपग्रेडची गरज संपते.

अॅम्प, कॅब, डिले, रिव्हर्ब एकत्र लावले की डीएसपी (आवाजाचं गणित करणारी चिप) भरल्याचा संदेश येतो आणि हे चारही तुम्हाला खरोखर हवेत? बदला. स्वतःचे आयआर (खऱ्या स्पीकरच्या आवाजाच्या फाइली) घालायचेत? जीटी-१ आणि जी१एक्स फोर दोन्हींत ती सोय नाही; व्हॅलेटन जीपी-२००, न्यूक्स एमजी-३० यांत आहे. पॅच बदलताना डिलेची शेपूट तुटते आणि ती तुमच्या गाण्यांत खटकते, हेही रास्त कारण आहे.

बदलताना हिशेब फक्त डब्याचा धरू नका. एचएक्स स्टॉम्पला ९ व्होल्टवर ३ अँपिअर लागतात. पेडलबोर्डवरच्या नेहमीच्या पॉवर सप्लायची एकेक लाइन १०० ते ५०० मिलिअँपिअर देते, म्हणजे त्याचा वेगळा अॅडॅप्टर बाळगणं आलं. मोठा फ्लोअर प्रोसेसर घेतलात तर स्वतंत्र बॅग आली. ट्रान्स-हार्बर लोकलच्या गर्दीत पाठीवर गिटार आणि हातात ती बॅग घेऊन ऐरोलीला एकदा चढून बघा. गिटारच्या कव्हरच्या खिशात मावणं हासुद्धा एक गुण आहे, आणि डेमोत तो कोणी दाखवत नाही.

सेकंडहँड घेत असाल तर ठाणे स्टेशनच्या पुलावर पैसे मोजून घेऊ नका. विकणाऱ्याच्या घरी गिटार आणि हेडफोन घेऊन जा. प्रत्येक बटण दहा-दहा वेळा दाबा, जॅकमधली वायर हलवून बघा, डिस्प्लेवर रेघा आहेत का ते बघा, यूएसबीने लॅपटॉपला जोडून ओळख पटते का ते तपासा, मूळ अॅडॅप्टर मागून घ्या. शेवटी त्याच्यासमोरच फॅक्टरी रीसेट करून पुन्हा वाजवा.

आणि जुना डबा त्याच आठवड्यात विकू नका. नव्यावर एक पूर्ण कार्यक्रम निभावेपर्यंत तो ताज्या सेलसकट बॅगेत असू द्या.