मातीतलं प्रवाळ: समूहाने भित्तिशिल्प करताना या चुका टाळा

बडोद्यात गणपतीआधी शाडूत हात घालणारे पुष्कळ. तेच हात सोसायटीच्या भिंतीसाठी सिरॅमिकचं प्रवाळ करायला बसले की पहिली चूक ठरलेली: भरीव गोळे. शाडूची मूर्ती भट्टीत जात नाही, म्हणून तिथे निभावतं. इथे तुकडा आतून पोकळ हवा, जाडी सेंटिमीटरभर, मागे एक भोक. भट्टीत फुटला की सगळे आतल्या हवेला दोष देतात, पण फोडते ती ओल. १०० अंशांवर तिची वाफ होते आणि बाहेर पडायला वाट नसते. पावसाळ्यात तुकडा गालाला लावून पाहा. गार लागला तर अजून सुकलेला नाही. शंका असेल तर भट्टी ८०-९० अंशांवर काही तास धरून ठेवा.

खरी डोकेदुखी जोडांची. प्रत्येक जण आपापला तुकडा घरून करून आणतो: एकाचा कडक, दुसऱ्याचा ओला, तिसऱ्याची मातीच वेगळी. प्रत्येक माती वेगळी आकसते, मग जोड सुटणारच. माती सगळ्यांना एकाच गोणीतली द्या. तुकडे जोडताना चामड्याइतके घट्ट असावेत. दोन्ही बाजू खरवडा, त्याच मातीचा घोळ लावा आणि दोन दिवस प्लॅस्टिकखाली ठेवा, म्हणजे ओल सारखी होते. सुकल्यावर दिसलेल्या चिरेत ओली माती दाबू नका, ती पुन्हा उघडते. ग्लेझनंतर (भट्टीत वितळून काचेसारखा होणारा लेप) चीर दिसली तर तिच्या कडा पाहा. धारदार असतील तर भट्टी घाईने थंड झाली. ५७३ अंशांच्या आसपास मातीतल्या क्वार्ट्झचं (गारेच्या कणांचं) आकारमान बदलतं, तिथे घाई नको. कडा वितळून गोल झालेल्या असतील तर चीर आधीचीच होती.

खरे शिंपले किंवा प्रवाळाचे तुकडे मातीत रोवायचा मोह अनेकांना होतो. भाजल्यावर त्यांचा चुना होतो, तो हवेतली ओल पिऊन फुगतो आणि काही दिवसांनी पृष्ठभागाचे टवके उडतात. शिवाय कठीण प्रवाळं वन्यजीव कायद्याने संरक्षित आहेत, ती उचलणं गुन्हा आहे.

टूथपिकने तासन्‌तास पाडलेली छिद्रं जाड ग्लेझ एका भाजणीत बुजवून टाकतं. लोहाचा ऑक्साइड पाण्यात कालवून लावा, ओल्या स्पंजने वरवर पुसा. खोलगट जागी रंग राहतो. ग्लेझ पातळच.

रंगांचं म्हणाल तर इंटरनेटवरच्या गुलाबी-निळ्या फांद्या कशाला? आपल्याला जवळचं प्रवाळ जामनगरकडचं, कच्छच्या आखातातलं. १९८२ मध्ये तिथे सागरी राष्ट्रीय उद्यान झालं. नरारा, पिरोटनला ओहोटीत दिसतात त्या बहुतेक गोलाकार, तपकिरी-हिरवट वसाहती, म्हणजे अनेक छोट्या जीवांचे जोडलेले पुंजके. आणि पांढरं प्रवाळ म्हणजे मेलेलं, असंही समजू नका. पाणी तापलं की प्रवाळातली शैवालं निघून जातात, पारदर्शक पेशींतून पांढरा सांगाडा दिसतो. जीव मात्र अजून असू शकतो. तिथे पांढऱ्या मातीवर पातळ पारदर्शक ग्लेझ शोभतं.

समूहाच्या शिल्पात ‘एकोपा’ दाखवायचा म्हणून सगळ्या वसाहती एकमेकांत मिसळून टाकणं मला खोटं वाटतं. एका वसाहतीतले जीव पेशींनी जोडलेले असतात, अन्नही वाटून घेतात, हे खरं. पण शेजारची वेगळ्या जातीची वसाहत जवळ आली की स्पर्शकांनी डंख मारतात. तेव्हा वसाहतींमध्ये बोटभर मोकळी पट्टी सोडा. सोसायटीच्या मीटिंगला बसलेल्यांना ती लगेच कळेल. भिंतीसाठी शिल्पाचे भाग पाडायचे तेही याच पट्ट्यांवरून, चौकोनी फरश्या कापून नव्हे. भागांच्या मागचे क्रमांक भाजण्याआधी ऑक्साइडने लिहा. पेनाची शाई भट्टीत जळून जाते.